थंड अणूंचे दोन वाटे

आमची होडी खाडीच्या काठावर फोडली तेव्हा मी आठवीत होते. ती बुडाली नव्हती. फळ्या कुजल्या होत्या, इंजिन दर हंगामात बसायचं, आणि जवळच्या पाण्यात मासळी उरली नव्हती. लांब जायचं तर मोठी बोट पाहिजे, ती आमच्याकडे कुठून येणार? बाबांनी स्वतः पहार घेतली, शेजारचे दोघं मदतीला आले. फळी सुटताना खिळे ओरडतात, तो आवाज मला सहन होईना म्हणून मी घरात जाऊन बसले. संध्याकाळी बाहेर आले तर काठावर होडीच्या आकाराची ओली जागा तेवढी होती. लाकूड जळणाला गेलं. लोखंड भंगारवाल्याने नेलं.

बाबा तोवर तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. जाळं कुठे टाकायचं ते तो सांगणार आणि परत कधी फिरायचं तेही तोच. होडी गेल्यावर ते दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी झाले. त्या बोटीचा तांडेल बाबांपेक्षा वयाने लहान होता, जाळं ओढायला बाबांनीच त्याला शिकवलेलं. तरी ते त्याला नावाने कधी हाक मारायचे नाहीत, "तांडेल" म्हणायचे. घरी त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त काठावर उभं राहून पाण्याकडे बघायची त्यांची सवय गेली. बोटीवरून उतरले की पाठ करून सरळ घरात.

अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. आई डोक्यावर पाटी घेऊन बिल्डिंगांमधून मासळी विकायची. होडी होती तोवर घरची मासळी होती, नंतर ती धक्क्यावरून विकत उचलावी लागली. चांगला माल मोठे व्यापारी आधी नेतात. उरलेला आईसारख्यांच्या पाटीत येतो, आणि उरलेला माल विकायला तोंड जास्त चालवावं लागतं. कधी तोंड चालवूनही विकला जायचा नाही. मग तेच आम्ही खायचो, आणि खाऊन उरलं ते मीठ लावून वाळवायचो. माझ्या शाळेच्या गणवेशाला तो वास असायचा. बाकावरच्या मुली सरकून बसायच्या. मी जागची हलायची नाही.

माझ्या घरातली पहिली पदवीधर मी. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. बाबा चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत बसली ती एक पावसाळा. मी बीएस्सी केलं, मग एमएस्सी, मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका संशोधन संस्थेत पीएचडीला लागले. आरेच्या झाडांतून जाणारी बस पकडून रोज जायचं. कोळीवाड्यात माझ्या वयाच्या मुलींची मुलं शाळेत जायला लागली होती. आमची आत्या दर सणाला विचारायची, "बाय गं, तुझी शाळा सुटणार कधी?"

"सुटली की तुलाच पहिलं सांगते."

"तोवर मी राहते का बघ."

एका दुपारी आईनेही विचारलं. घरापुढे बसून ती बोंबील निवडत होती. आमची बोली वेगळी आहे, इथे मी सगळ्यांना कळेल असं लिहिते.

"तू तिथे करतेस काय नक्की? लोक विचारतात. मी सांगते, विज्ञान. मग म्हणतात, विज्ञानात काय?"

मी सांगायचा प्रयत्न केला. आपल्या भोवतीच्या हवेतले अणू बंदुकीच्या गोळीसारखे सुसाट धावत असतात. आम्ही एका धातूचे अणू घेतो आणि सगळ्या बाजूंनी लेसर मारून त्यांना थोपवतो. अणू थोपला, संथ झाला, की त्यालाच थंड झाला म्हणायचं.

"बर्फ कुठला आणता?"

"बर्फ नाही गं आये. बर्फाने काही होत नाही. त्यापेक्षा कितीतरी थंड."

"बरं, मग?"

मग ते थंड अणू एका चिपवर आणायचे. नाण्याएवढी चिप, तिच्यावर केसाहून बारीक सोन्याच्या तारा. तारेतून वीज सोडली की तारेच्या जरा वर चुंबकाच्या जोराचा एक पाट तयार होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण अणू त्यातूनच वाहतात, चिपला शिवत नाहीत. शिवले तर संपले, त्यांची थंडी गेली. पुढे त्या तारेला दोन फाटे फुटतात. तिथे अणूंच्या झोताचे दोन सारखे भाग करायचे, निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे. पुढेमागे यातून जमिनीची ओढ किंवा जहाजाचं वळण फार बारकाईने मोजता येईल.

आईने हातातला बोंबील बाजूला ठेवला. "म्हणजे वाटे करतेस."

आमच्याकडे लहान मासळी वजनावर विकत नाहीत, वाट्यावर विकतात. पाटीवर सारखे ढीग लावायचे, एकेक ढीग म्हणजे एकेक वाटा.

"हो," मी म्हटलं. "दोनच वाटे. पण सारखे पाहिजेत."

"आणि दोन वाट्यांना तुला इतकी वर्षं लागली?"

घरात बसलेले बाबा हसले. मीही हसले. पण खरं तर अजून एकही वाटा झाला नव्हता. सरळ तारेवरून अणू चालवणं मला जमलं होतं, आणि त्यालाच इतकी वर्षं गेली होती. हवा काढून पोकळी केलेल्या पोलादी डब्यात चिप बसवायची, दिवसरात्र डबा तापवून त्याच्या भिंतींतला उरलासुरला वायूही ओढून काढायचा, मग लेसर जुळवायचे. एका नळीचं पाणी थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. फाट्यापर्यंत मी अजून पोचलेच नव्हते.

त्या वर्षी गणपतीच्या आधी संस्थेने घरच्यांना बोलावलं. आपली मुलं काय करतात ते आईबापांनी येऊन बघावं म्हणून. बाबा समुद्रावर होते. आई आली. त्या दिवशी तिने पाटी उचलली नाही. पहाटेच डोक्यावरून आंघोळ केली, केसांत वेणी माळली, आणि बसमध्ये तीनदा मला विचारलं, "वास येतो का गं?"

"येऊ दे," मी म्हटलं.

लेसर बंद केलेले होते. आमचे सर शांत, थोडं बोलणारे. त्यांनी आईला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बघा हवं तेवढं. फक्त टेबलावर कशाला हात लावू नका." माझ्याबरोबर काम करणारी मुलुंडची एक मैत्रीण होती, तोंडाची फटकळ. ती आईला म्हणाली, "मावशी, तुमची पोरगी आम्हाला रोज दम देते. तुम्ही शिकवलंत का?" आई म्हणाली, "मी नाही, समुद्राने." मग मैत्रीण चहा आणायला गेली आणि मी दुसऱ्या एका कुटुंबाला पडद्यावर जुने फोटो दाखवायला लागले. आई बराच वेळ त्या पोलादी डब्यासमोर उभी होती. डब्याला चारी बाजूंनी काचेच्या खिडक्या, तांब्याची वेटोळी, वायरींचे झुबके. घरी परतताना, आरे संपता संपता ती म्हणाली, "चांगलं आहे. जपून ठेवलंय तुम्ही."

गणपती गेले आणि फाट्याचा प्रयोग सुरू झाला. सर म्हणाले, "हे दिवाळीच्या सुट्टीआधी व्हायला हवं. त्यानंतर हे टेबल दुसऱ्या प्रयोगाला द्यायचं ठरलंय. माझ्या हातात नाही ते. माझं ऐकायचं तर सरळ तारेवरच्या कामावर तुझा प्रबंध होईल, पण तो लहान होईल." लहान प्रबंध म्हणजे काय ते मला समजत होतं. सरळ तारेवर अणू चालवणं जगात बऱ्याच जणांनी केलंय. आमच्या टेबलावर वाटे झाले नाहीत, तर इतकी वर्षं मी दुसऱ्यांची वाट पुन्हा चालले, एवढंच उरणार होतं.

पहिल्या दिवशी अणू तारेवरून नीट आले, फाट्यापाशी पोचले आणि सगळेच्या सगळे उजवीकडे गेले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अणूंची एकच उजळ रेघ, डावीकडे काळोख.

"होईल," मैत्रीण म्हणाली. "पहिल्या दिवशी कोणाचं झालंय, यार?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. डाव्या तारेत वीज वाढवली की अणू फाट्यावरच गळून जायचे, अर्ध्या वाटेत पाट फुटल्यासारखे. वीज कमी केली की पुन्हा सगळे उजवीकडे. जोडण्या तपासल्या, वीज देणारी यंत्रं बदलली, लेसर पुन्हा जुळवले. प्रत्येक बदलानंतर मी मनात म्हणायचे, आता. आणि पडद्यावर तीच एक रेघ. नवरात्र गेलं, दसरा गेला. मैत्रिणीचं होईल-होईल म्हणणं थांबलं. सर रोज येऊन पडदा बघायचे आणि न बोलता जायचे, त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

शेवटी सर बसले आणि म्हणाले, "चिपवरची डावी तारच खराब असणार. सोन्यात कुठेतरी खोट आहे. डबा उघडावा लागेल."

"उघडला तर दिवाळीआधी काही होणार नाही, सर."

"माहीत आहे मला."

डबा उघडायचा म्हणजे आत हवा शिरणार, मग पुन्हा तापवणं, पुन्हा पोकळी. म्हणजे सगळं संपलं. ते स्पष्ट म्हणाले नाहीत, पण म्हणाले तेच. सोमवारी उघडायचं ठरलं.

शुक्रवारी मी मैत्रिणीला म्हटलं, "उघडायच्या आधी बाहेरून सगळीकडचं चुंबकत्व एकदा मोजून घेऊ."

"ते आपण सुरुवातीला मोजलंय की."

"सुरुवातीला. आता कुठे?"

पेनासारखा मापक हातात धरून मी डब्याच्या भोवती फिरले. वर ठीक, बाजूंना ठीक. डब्याच्या खाली मात्र आकडा चढला, हात आणखी खाली नेला तसा वाढतच गेला. टेबलाखाली, वायरी वर जातात त्या फटीपाशी, त्याने उडीच मारली. मी गुडघ्यांवर बसले आणि वायरींच्या मागे हात घातला. बोटांना कापड लागलं.

हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक खिळा. वीतभर लांब, चौकोनी डोक्याचा, गंजलेला. होडीच्या फळ्यांना मारतात तसा. लोखंड वर्षानुवर्षं एकाच जागी पडलं की थोडं चुंबक होतंच. हा चिपच्या बरोबर खाली बसून आमच्या अणूंना एका बाजूला ओढत होता.

मैत्रीण खाली वाकून बघत होती. तिला हसू फुटलं. "लिंबू-मिरची तेवढी राहिली! कोणाचं काम हे? हाऊसकीपिंगवाल्यांचं?"

"आईचं," मी म्हटलं.

तिचं हसू थांबलं.

भंगारवाल्याने सगळं लोखंड नेलं असं मी वर लिहिलं. मला तसंच वाटत होतं. लुगड्याचं ते कापड मात्र मी ओळखलं, आणि पुढचं मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे बाळ जन्मलं की त्याच्या उशाखाली लोखंड ठेवतात, विळी, सुरी, खिळा, घरात असेल ते. जे नवं आहे, नाजूक आहे, ज्यावर लोकांची नजर पडते, त्याला दृष्ट लागू नये म्हणून. मी जपून ठेवलेलं काहीतरी आईने बघितलं. बाहेरची कुटुंबं गोळा होऊन त्याकडे बघताहेत, हेही बघितलं. आणि एका आईला जे सुचणार तेच तिला सुचलं.

"ए," मैत्रीण हळूच म्हणाली, "सरांना नको सांगूस. एखादी वायर चुकीची होती म्हणू. संपला विषय."

"वायर नव्हती. खिळा होता."

"तुला लाज नाही वाटणार?"

"आईची? नाही."

सरांच्या खोलीत जाऊन मी खिळा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि कोणी ठेवला, का ठेवला ते सांगितलं. माझा आवाज जरा चढला असणार, कारण ते म्हणाले, "बस आधी." खिळा त्यांनी हातात घेऊन वळवून बघितला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. अंधश्रद्धा हा शब्द माझ्या कानांत त्यांच्याआधीच वाजत होता, आणि त्यावर काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं.

"काढल्यावर काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"अजून बघितलं नाही."

"मग इथे काय करतेस? बघ जा. सोमवारी डबा उघडायचं राहू दे." मी दारापाशी गेले तेव्हा मागून म्हणाले, "आणि यापुढे पाहुणे येऊन गेले की टेबलाखालीही बघत जा."

संध्याकाळी पडद्यावर दोन रेघा आल्या. उजवी जाड, डावी अगदी पुसट, पण होती. मैत्रिणीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. अजून सारखे झाले नव्हते. खिळा गेला, पण त्याच्या ओढीवर उतारा म्हणून आम्ही इतके दिवस जे जे उलटसुलट केलं होतं, ते सगळं आता एकेक करून सोडवायचं होतं. दिवाळी तोंडावर आलेली.

घरी आले तेव्हा आई पाटी धूत होती. बाबा बोटीवरून उतरलेले, खाटेवर पाय सोडून बसले होते. मी पिशवीतून खिळा काढून आईसमोर धरला.

तिने पाणी बंद केलं. "सापडला?"

"सापडला. आये, त्यांनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं."

"टेबलावर लावू नका म्हणाले. खाली ठेवू नका असं कोण म्हणालं?"

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर ठेवू दिला असतास?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली. "होडी फोडली तेव्हा काढून ठेवला होता मी. दहावीला तुझ्या उशाखाली होता, बारावीलाही. तुला कळलंही नाही. पास झालीस ना?"

"ती परीक्षा होती. हे चुंबकाचं काम आहे. लोखंडाने अणू ओढले जातात. इतके दिवस माझं काम त्यानेच अडलं होतं."

आईने ओले हात लुगड्याला पुसले. तिचा चेहरा बदलत गेलेला मी बघितला. मला थांबता आलं असतं, पण आमच्या घरात गोड बोलायची पद्धत नाही.

"म्हणजे माझ्यामुळे?"

"हो. तुझ्यामुळे."

बाबा खाटेवरून म्हणाले, "खिळा तो. धरून ठेवण्याशिवाय त्याला दुसरं येतं काय? धरून बसला हिचं काम." त्यांना हसवायचं होतं. आई हसली नाही. तिने माझ्या हातातून खिळा घेतला आणि आत जाऊन डब्यांच्या फळीवर सगळ्यात मागे ठेवून आली. परत येऊन पाटी उलटी करून वाळत लावली.

मग म्हणाली, "आता होईल ना?"

"माहीत नाही. दिवाळीपर्यंत झालं तर झालं."

"तू जेव आधी."

रात्रभर ती कूस बदलत होती ते मला ऐकू येत होतं. सकाळी निघताना ती दारापर्यंत आली. दर परीक्षेला ती मला काहीतरी सांगायची, देवाला नमस्कार कर, उजवा पाय आधी टाक. त्या दिवशी काही सांगितलं नाही. मला वाटतं, आता काही सांगायचीच तिला भीती वाटत होती. ते मला खिळ्यापेक्षा जास्त लागलं. बसथांब्यापर्यंत जाऊन मी परत फिरले.

"आये, आज मी येईपर्यंत जागी राहा. काय झालं ते तुलाच आधी सांगते."

"आत्याला पहिलं सांगणार होतीस ना?"

"आत्या नंतर."

त्या दिवशी झालं नाही. त्यानंतरही बरेच दिवस नाही. रोज घरी गेले की आई फक्त तोंडाकडे बघायची आणि ताट वाढायची. आम्ही जुन्या सगळ्या आकड्यांवरून माघारी येत होतो, एका वेळी एकच गोष्ट बदलून. मैत्रिणीने घरच्या फराळाच्या कामातून अंग काढून घेतलं, तिची आई रोज फोनवर तिला शिव्या द्यायची आणि ती फोन लांब धरून मला ऐकवायची. डावी रेघ जाड होत होती. एका दिवशी ती उजवीपेक्षाही जाड झाली, आणि आम्हा दोघींना तेव्हा पहिल्यांदा खात्री पटली, कारण आता मधे कुठेतरी सारखी जागा असायलाच हवी होती.

टेबल सोडायच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी, त्या दोन रेघा सारख्या झाल्या. सर उभे राहून बघत होते. मी झोत पुन्हा सोडला, पुन्हा सारख्या. संध्याकाळपर्यंत सोडत राहिले. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मोजमाप पूर्ण करून घे. टेबल आपण सुट्टीच्या आदल्या दिवशी देऊ."

त्या रात्री पहिलं आईला सांगितलं, आत्याला नंतर. मोजमाप पूर्ण झालं. टेबल दिलं. त्या कामावर माझा प्रबंध झाला आणि तो लहान नव्हता. तोंडी परीक्षेला आई आणि बाबा मागच्या रांगेत बसले होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. परीक्षकांनी आपसात बोलून परत येऊन माझ्या नावाआधी डॉक्टर लावलं, तेव्हा बाबांनी आईला विचारलं, "झालं?" आणि आई म्हणाली, "झालं."

थंड अणूंचा झोत मी चिपवरून चालवला, फाट्यावर आणला आणि त्याचे दोन सारखे भाग केले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, पहिली डॉक्टरेटही माझीच.